उपांत्य फेरीनंतर क्लबाचं काय होतं?

(पंडरी, रायपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लिखित रूप)



मराठी व्याख्यानमालेत संतांना जागा असते, संगीताला असते, अर्थसंकल्पालाही असते. खेळाची पाळी सहसा शेवटी येते, आणि आली तरी क्रिकेट ती पटकावतं. इथे फुटबॉलला अख्खं एक पुष्प मिळालं, म्हणून संयोजकांचे आभार.

त्यांनी मला विषय सुचवला होता : जर्मनीतल्या एखाद्या क्लबाची युरोपियन स्पर्धांमधली कामगिरी. तरुण मंडळी येतील, असं त्यांचं म्हणणं. तरुण मंडळी आलेली दिसतात. त्यांची मी थोडी फसवणूक करणार आहे. जर्मन क्लब येतील, पण मोजपट्टी म्हणून. बोलायचंय ते पणजी, मडगाव आणि मुंबईच्या क्लबांबद्दल, ते आशिया खंडाच्या स्पर्धांमध्ये कुठवर गेले आणि परत आल्यावर त्यांचं काय झालं याबद्दल.

एका वर्षापासून सुरुवात करतो. २००८. त्या वर्षी २७ मे रोजी बायर्न म्युनिकचा संघ कोलकात्यात मोहन बागानशी खेळला. गोलरक्षक ऑलिव्हर कानचा निरोपाचा सामना होता. सॉल्ट लेक स्टेडियम तुडुंब भरलं, बायर्न ३-० जिंकला, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं दिली. हे आजही पुष्कळांना आठवतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पणजीचा डेम्पो स्पोर्ट्स क्लब एएफसी कपच्या उपांत्य फेरीत खेळला. त्याआधी कुठलाही भारतीय क्लब या स्पर्धेत तिथवर गेला नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी सिंगापूरच्या होम युनायटेडला बाहेर काढलं होतं. पुढे बैरुतच्या साफा क्लबाने त्यांना थांबवलं. इथे किती जणांना हे आठवतं? हात वर करायला सांगत नाही, काळजी नसावी.

मैत्रीपूर्ण सामना लक्षात राहिला आणि खंडाच्या स्पर्धेची उपांत्य फेरी विसरली गेली. याचा दोष प्रेक्षकांना देणं सोपं आहे. मला तो तितकासा पटत नाही.

एएफसी कप म्हणजे काय, हे नव्या श्रोत्यांसाठी सांगायला हवं. आशियातल्या क्लबांची तेव्हाची सर्वांत वरची स्पर्धा चॅम्पियन्स लीग. तिच्याखाली, फुटबॉलमध्ये अजून वर येऊ पाहणाऱ्या देशांसाठी, २००४ पासून एएफसी कप सुरू झाला. भारताकडून पहिल्याच वर्षी ईस्ट बंगालबरोबर मुंबईचा महिंद्र युनायटेड त्यात उतरला. त्याआधी, १९६९मध्ये, बँकॉकच्या आशियाई क्लब स्पर्धेत भारताने चक्क म्हैसूर राज्याचा संघ पाठवला होता. क्लबांच्या स्पर्धेला राज्याचा संघ! आपल्याकडे क्लब ही गोष्ट संघटकांनी किती मनावर घेतली होती, ते यावरून कळावं.

डेम्पो हे खाणमालक घराणं. पणजीहून निघणारं मराठी दैनिक 'नवप्रभा' याच घराण्याचं, तेव्हा मराठी वाचकांना नाव अपरिचित नसावं. गोव्यात लोहखनिज निघालं, बार्जेस मांडवी-झुआरीतून मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या आणि त्या पैशातला थोडा हिस्सा फुटबॉलकडे वळला. डेम्पो, साळगावकर, सेझा ही सगळी खाणींची नावं, आणि सगळी फुटबॉलची नावं. मैदान मात्र त्याआधीही होतं. सासष्टीत, बार्देशात चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी चेंडू उडायचाच. खाणींनी त्या खेळाला पगार दिला.

प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी बांधलेला डेम्पोचा संघ मला तुमच्यासमोर उभा करायचा आहे. मागे महेश गवळी आणि समीर नाईक. मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बाजूला क्लिफर्ड मिरांडा. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, आणि त्याला पास पुरवणारा ब्राझीलचा बेटो. गवळी, नाईक, लॉरेन्स, मिरांडा : ही नावं एका दमात म्हणून पाहा, गोव्याचा समाज डोळ्यांपुढे येतो. हा संघ राष्ट्रीय लीग २००४-०५ आणि २००६-०७मध्ये जिंकला. मग आय-लीग सुरू झाली, तर पहिलीच २००७-०८ची त्यांनी घेतली, पुढे २००९-१० आणि २०११-१२चीही. आठ हंगामांत पाच विजेतेपदं.

याच क्लबाच्या इतिहासात ५ डिसेंबर २००४ ही तारीख आहे. बेंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. डेम्पोच्या क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन आघाडीपटूने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो कोसळला आणि वाचला नाही. डेम्पो २-० जिंकला. क्लबाने त्याची दहा क्रमांकाची जर्सी नंतर कायमची बाजूला ठेवली. क्लब कशासाठी असतो, असं मला कोणी विचारलं की मी चषकांची यादी काढत नाही, ही जर्सी सांगतो. ती कोणाला द्यायची नाही हे लक्षात ठेवायला कोणीतरी शिल्लक असावं लागतं.

आता मुंबई. महिंद्र युनायटेडची सुरुवात १९६२ची, कंपनीचा संघ म्हणून. इंग्रजी पत्रकार त्यांना 'जीपमेन' म्हणायचे. कूपरेजच्या मैदानावर त्यांना पाहिलेली मंडळी अजून भेटतात, आणि भेटली की तासभर सोडत नाहीत. डेरिक परेरा यांच्या हाताखाली त्यांनी २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. २००७च्या एएफसी कपमध्ये ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, तिथे लेबनॉनच्याच नेजमेहने त्यांना हरवलं. आणि २०१०मध्ये कंपनीने संघ बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ, असं सांगितलं. कंपनीचा पैसा, कंपनीचा निर्णय. कायद्याने त्यात काही वावगं नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षांचा क्लब मिटताना कूपरेजवर येणाऱ्या माणसांचं मत विचारायची कुठे सोयच नव्हती. पुण्यात पिरामल समूहाने २००७मध्ये पुणे एफसी काढला. तो २०१४मध्ये एएफसी कप खेळला आणि पुढच्याच वर्षी मैदानावरून गेला. पुण्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं घडायच्या आतच सगळं संपलं.

तर जर्मनी. १८ मे १९६०, ग्लासगो. युरोपियन कपचा अंतिम सामना, आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट विरुद्ध रेआल माद्रिद. सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक. फ्रँकफुर्टने उपांत्य फेरीत ग्लासगोच्याच रेंजर्सना दोन सामन्यांत मिळून बारा गोल मारले होते, आणि अंतिम सामन्यातला पहिला गोलही त्यांचाच. त्यानंतर पुश्काशने चार आणि दी स्तेफानोने तीन केले. सामना ७-३. जर्मनीत तेव्हा देशभराची एक लीगसुद्धा नव्हती, बुंडेसलीगा १९६३ची. असा पराभव पचवून फ्रँकफुर्टने पुढचा युरोपियन चषक, युएफा कप, १९८०मध्ये घेतला. वीस वर्षांनी. मग बेचाळीस वर्षं युरोपियन चषक नाही. त्या काळात क्लब १९९६, २००१, २००४ आणि २०११ असा चार वेळा खालच्या श्रेणीत घसरला. आणि २०२२मध्ये सेव्हिलला युरोपा लीगचा अंतिम सामना पेनल्टींवर जिंकला. समोर तेच रेंजर्स. तारीख १८ मे.

या बासष्ट वर्षांत क्लब विकून टाकावा, बंद करावा, असं कोणा एकाला वाटलं असतं तरी ते जमलं नसतं. जर्मनीतला नियम असा की क्लबाच्या फुटबॉल कंपनीत निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या संघटनेकडेच राहिली पाहिजेत. आइनट्राख्टचे सभासद आज लाखाच्या वर आहेत. वार्षिक सभेत ते उठून प्रश्न विचारतात, आरडाओरडा करतात, पदाधिकाऱ्यांना घरी बसवतात. आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभेची आठवण व्हावी असा प्रकार. आणि हो, सहकाराचं पुढे काय काय होतं ते मी महाराष्ट्रातून येत असल्याने मला सांगू नका.

पण इथे मला स्वतःलाच हटकावं लागतं. मालक वाईट आणि सभासद चांगले, इतकं हे सरळ नाही. बायर लेव्हरकुसेन घ्या. औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या बायर कंपनीचा हा संघ. १९०३मध्ये कारखान्यातल्या एका कामगाराने १७० सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन कंपनीकडे अर्ज केला, आम्हाला खेळासाठी क्लब काढून द्या म्हणून. १९०४मध्ये क्लब निघाला. १९८८च्या युएफा कपच्या अंतिम फेरीत पहिला सामना ०-३ हरून, घरच्या मैदानावर ३-० भरून काढून, शेवटी पेनल्टींवर त्यांनी चषक घेतला. जर्मनीतल्या त्या नियमाला जे अपवाद आहेत, त्यांतला हा एक. क्लब आजही कंपनीचाच. म्हणजे महिंद्रचा आणि बायरचा पाया एकच होता. फरक शोधायचा तर मला तो त्या १७० सह्यांत दिसतो. एका ठिकाणी मागणी खालून वर गेली. दुसरीकडे संघ वरून दिला गेला, म्हणून वरून काढूनही घेता आला.

आपण छत्तीसगढमधले लोक हे माझ्यापेक्षा चांगलं जाणता. भिलाई इथून फार लांब नाही. कारखाना, त्याच्या भोवती सेक्टर, सेक्टरांत मैदानं, आणि त्या मैदानांवर पाळी संपवून आलेले कामगार. लेव्हरकुसेनही असंच कारखान्याभोवती वाढलेलं गाव. भिलाईच्या मैदानांवर एखादा क्लब कामगारांच्या सह्यांनी उभा राहिला असता तर, असं माझ्या मनात येऊन जातं.

गोव्यात पुढे काय झालं ते पाहू. डेम्पो समूहाने २००९मध्ये आपला खाणव्यवसाय सेझा गोवाला १,७५० कोटी रुपयांना विकला. २०१२च्या सप्टेंबरात, बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, राज्यातलं खाणकामच थांबलं. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि एफसी गोवा हा नवा क्लब जन्मला. त्याचे सुरुवातीचे मालक होते दत्तराज साळगावकर, श्रीनिवास डेम्पो आणि आपल्या औरंगाबादचे व्हिडिओकॉनवाले वेणुगोपाल धूत. जुन्या क्लबांच्या घराण्यांनीच नव्या क्लबाची पायाभरणी केली. दरम्यान डेम्पोचा जुना संघ २०१५मध्ये आय-लीगमधून खाली घसरला, दुसरी श्रेणी जिंकून वर आला, आणि २०१६मध्ये आय-लीगला सुपर लीगच्या खाली ढकलणाऱ्या भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह आय-लीगमधून बाहेर पडला. एका राज्यातले तीन क्लब एकदम. या निषेधाने महासंघाचं काही बिघडलं नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

एफसी गोवाने मात्र डेम्पोच्याही पुढची पायरी गाठली. २०१९-२०च्या साखळीत अव्वल येऊन तो चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने २०२१च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्यात, म्हणजे घरीच. पण प्रेक्षकांना बंदी. देशात प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगा लागलेल्या होत्या, तेव्हा तक्रार तरी कोण करणार? १४ तारखेला पहिला सामना कतारच्या अल रय्यानशी, त्यांचा प्रशिक्षक १९९८चा विश्वविजेता लोराँ ब्लाँ. ०-०. तीन दिवसांनी अबू धाबीच्या अल वहदाशी पुन्हा ०-०. गोलात उभा होता मणिपूरचा धीरज सिंग, आणि त्याने त्या पंधरवड्यात जे चेंडू अडवले त्यांची गंमत ज्यांनी सामने पाहिले त्यांनाच कळेल.

मग २० एप्रिल, इराणचा बलाढ्य पर्सेपोलिस. चौदाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने फ्री किक घेतली. ब्रँडन मडगावचा, म्हणजे हे मैदान त्याच्या गल्लीतलं म्हणायला हरकत नाही. चेंडू बचावपटूंच्या डोक्यांवरून आत वळला आणि एदू बेदियाने उडी घेऊन डोक्याने जाळ्यात टाकला. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबाने केलेला हा पहिला गोल. स्टेडियम रिकामं असल्याने खेळाडूंचाच जल्लोष तेवढा ऐकू आला. थोड्या वेळात पर्सेपोलिसने पेनल्टीवर बरोबरी केली, मध्यंतराआधीच दुसरा गोल केला आणि सामना २-१ने घेतला. पुढे अल रय्यानला आणखी एकदा, १-१ असं, बरोबरीत रोखून गोव्याने तीन गुणांवर गटात तिसरा क्रमांक मिळवला. ब्लाँचा संघ त्यांच्या खाली राहिला.

पुढच्या वर्षी पाळी मुंबई सिटीची. हा क्लब २०१९पासून मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाकडे होता. रियाधमध्ये पहिला सामना ०-३ हरला. ११ एप्रिल २०२२ रोजी समोर बगदादचा अल कुवा अल जाविया, म्हणजे इराकच्या हवाई दलाचा क्लब. याच क्लबाने २०१६मध्ये बेंगळुरू एफसीला एएफसी कपच्या अंतिम सामन्यात १-० हरवलं होतं. तो एकमेव गोल हम्मादी अहमदचा. आता रियाधमध्येही पहिला गोल त्यानेच मारला. सत्तराव्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली. पाच मिनिटांनी अहमद जाहूने कॉर्नर घेतला आणि राहुल भेकेने तो डोक्याने आत धाडला. चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबाने जिंकलेला हा पहिला सामना.

राहुल भेके मुंबईचा, मराठी घरातला. मुंबई एफसीतून वर आलेला. तो क्लबही आता मैदानावर नाही. २०१९च्या सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून खेळताना जादा वेळेत त्यानेच डोक्याने एफसी गोवाचा घास हिरावला होता. खरं सांगतो, चॅम्पियन्स लीगच्या गटातला भारतीय क्लबाचा पहिला विजय एका मराठी मुलाच्या डोक्यावरून आला आणि मराठी वृत्तपत्रांतली ती बातमी शोधताना मला आयपीएलची पानंच्या पानं उलटावी लागली.

तीन दिवसांनी, १४ एप्रिलला, मुंबई सिटी अल जझीराकडून ०-१ हरला. त्याच रात्री, त्या युरोपा लीगच्या वाटेवर, बार्सिलोनात फ्रँकफुर्टने यजमानांना ३-२ हरवलं. पाहुण्यांसाठी पाच हजार जागा राखीव होत्या, फ्रँकफुर्टहून आलेले सुमारे तीस हजार लोक पांढऱ्या कपड्यांत मैदानभर पसरलेले होते. मुंबई सिटी सात गुण मिळवून गटात दुसरा आला. विमानतळावर फार गर्दी झाल्याचं ऐकिवात नाही.

२०२३ची मोहीम थोडक्यात उरकतो, कारण तीत मुंबई सिटी सहाच्या सहा सामने हरला. गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल होता. नेमार येणार म्हणून तिकिटांसाठी धावपळ झाली. तो उरुग्वेत ब्राझीलकडून खेळताना गुडघा दुखावून बसला, आला नाही. ६ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई ०-२ हरला. याच सुमारास महाराष्ट्र शासन आणि बायर्न म्युनिक मिळून चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा घेत होते, निवडलेल्या वीस मुलांना म्युनिक दाखवण्यासाठी. मुलं जावीत, जग पाहावं. त्यांना कूपरेजही कोणी दाखवावं. १८९१मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप तिथे खेळला जायचा, हे त्यांच्या शिक्षकांनाही ठाऊक असेलच असं नाही.

आणि आता अगदी अलीकडचं. एफसी गोवा २०२५मध्ये सुपर कप जिंकून चॅम्पियन्स लीग टूमध्ये, म्हणजे नव्या रचनेतल्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत, उतरला. ओमानच्या अल सीबला २-१ हरवून गटात आला, तर समोर रोनाल्डोचा अल नस्र. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सामना. रोनाल्डो संघाबरोबर आलाच नाही. त्याच्यावाचून अल नस्र २-१ जिंकला. गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसचा, मध्यंतराच्या थोडा आधी. बातम्या मात्र न आलेल्या माणसाच्या.

इथल्या तरुणांना शेवटी नारायणपूरबद्दल सांगायचं आहे. रामकृष्ण मिशनच्या आश्रमात तिथे फुटबॉल अकादमी आहे, बस्तरची मुलं तिथे खेळतात. २०२४मध्ये वीस वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा त्याच मैदानावर झाली. त्यांचा संघ राज्याची लीग जिंकून देशाच्या खालच्या श्रेणींत खेळलेला आहे. डेम्पोही २०१६नंतर अशाच खालच्या पायऱ्यांवर होता आणि तिथूनच २०२४-२५मध्ये आय-लीगमध्ये परतला. म्हणजे पणजी आणि नारायणपूर आज एकाच जिन्यावर आहेत, दोन-तीन पायऱ्यांचा फरक. आपल्यापैकी कोणी त्यांचा सामना पाहिला आहे का? पाहिला असेल तर माझं बोलणं इथेच थांबवतो. आता तुम्ही बोला, मला ऐकायचं आहे.